वापरलेले पाणी पुन्हा पिता येते का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला बाहेरून कोणी जाणकार बाई येतात, बोलतात आणि आपण ऐकतो. यंदा आपल्यापैकीच एकीने बोलावे असे कार्यकारिणीने ठरविले आणि ते काम माझ्या गळ्यात पडले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा शास्त्राची मोठमोठी नावे माझ्या तोंडून यायची नाहीत. पण पाणी हा विषय आपण बायका शाळेत कमी आणि नळकोंडाळ्यावर जास्त शिकतो, आणि त्या शाळेत माझी पंचवीस वर्षे झाली आहेत. बाकीची माहिती माझ्या कॉलेजातल्या मुलीने मला वाचून दाखविली. मी तिला उलटसुलट विचारून ती समजून घेतली. जेवढे समजले तेवढेच आज सांगते.

विषय ऐकून दोघीतिघींनी नाकाला पदर लावलेला मी पाहिला. साहजिक आहे. मोरीतून आणि संडासातून वाहून गेलेले पाणी शुद्ध करून पुन्हा पिण्याच्या नळाला सोडणे, असा हा विषय आहे. जगात काही गावांनी दुष्काळात हे केले आहे. एका शहराने तर पन्नास वर्षांहून अधिक काळ ते चालविले आहे. त्यांनी हे का केले, कसे केले आणि आपण सोलापूरच्या बायकांनी त्यातून काय घ्यावे, एवढेच मला सांगायचे आहे.

सोलापूरच्या बाईला पाणीटंचाई कशाला समजावून सांगायची? चार-पाच दिवसांनी नळ येण्याचे दिवस आपण काढले आहेत. पिंप, बादल्या, पातेली, शेवटी पोळ्यांचा डबासुद्धा भरून ठेवला आहे. रात्री दोन वाजता नळ आला म्हणून तान्हे मूल तसेच टाकून उठलो आहोत. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली. म्हणजे नेहमीच्या वापराचे पाणी संपून तळाच्या साठ्यातलेही बरेच संपले. शेजारच्या लातूरची गोष्ट तर साऱ्या देशाने पाहिली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. धान्य गाडीने येते हे ठाऊक होते, पाणीही गाडीने येते हे तेव्हा कळले.

आता उजनीत पाणी येते कोठून ते पाहा. वरच्या अंगाला पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही मोठी शहरे आहेत. पवना मुळेला मिळते, मुळा-मुठा आणि इंद्रायणी भीमेला मिळतात, आणि भीमा उजनीत येते. त्या शहरांच्या सांडपाण्याचा बराच भाग वर्षानुवर्षे पुरता शुद्ध न होताच या नद्यांत गेला आहे. ते पाणी उजनीत साठते आणि तिथून काही नळाने, काही नदीने आपल्याकडे येते. पंढरीला चंद्रभागेचे म्हणून आपण जे ओंजळीत घेतो, तेही भीमेचेच. म्हणजे मैत्रिणींनो, दुसऱ्याच्या मोरीचे पाणी प्यावे की नाही हा प्रश्न आपल्यापुढे नव्याने आलेला नाही. आपण ते पीतच आहो. मधे नदी आहे, धरण आहे, आपले जलशुद्धीकरण केंद्र आहे, म्हणून आपल्याला तसे वाटत नाही इतकेच.

आता ज्या शहराने हे उघड सांगून, ठरवून केले त्याची हकिगत सांगते. आफ्रिका खंडाच्या नैऋत्येला नामिबिया देश आहे आणि विंडहुक ही त्याची राजधानी. एका बाजूला नामिब वाळवंट, दुसऱ्या बाजूला कलहारी. वर्षाचा पाऊस चौदा-पंधरा इंच, म्हणजे आपल्यापेक्षाही कमी, आणि ऊन असे की धरणातले पाणी डोळ्यांदेखत वाफ होऊन जाते. बारमाही वाहणाऱ्या नद्या फक्त देशाच्या सीमांवर. उत्तरेची ओकावँगो नदी जवळजवळ सातशे किलोमीटर दूर. जवळच्या विहिरी आणि ओढे पुरेनात, तेव्हा १९६८ साली गोरेआंगाब येथे सांडपाण्यापासून पिण्याचे पाणी करण्याचा कारखाना सुरू झाला. त्या वेळी तो मुलूख दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात होता. १९९० साली देश स्वतंत्र झाला. राज्य बदलले तरी कारखाना चालूच राहिला. २००२ साली त्याच्या शेजारी नवा मोठा कारखाना झाला. त्यात दिवसाला दोन कोटी दहा लाख लिटर पाणी तयार होऊ शकते. आज त्या शहराची वस्ती चार लाखांच्या वर आहे.

हे पाणी करतात कसे? सहावी-सातवीच्या पुस्तकात एकावर एक ठेवलेल्या मडक्यांचे चित्र असे, आठवते? एकात खडी, एकात वाळू, एकात कोळसा. विंडहुकचा कारखाना म्हणजे त्याच मडक्यांचा फार मोठा आणि फार कडक विस्तार आहे. शहराचे घरगुती सांडपाणी आधी नेहमीच्या मैलापाणी केंद्रात जाते. तिथे गाळ खाली बसतो आणि विरलेली घाण सूक्ष्म जंतूंकडून खाववून घेतात. एवढे झाल्यावरच ते पाणी या कारखान्यात येते. मग आपण गढूळ पाण्यात तुरटी फिरवितो तसे त्यात औषध घालतात, म्हणजे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. त्यानंतर खालून हवेचे अगदी बारीक बुडबुडे सोडतात. ताक घुसळले की लोणी वर येते ना, तशी ती घाण बुडबुड्यांबरोबर तरंगून वर येते आणि साय काढावी तशी काढून टाकतात. मग पाणी वाळूतून झिरपते. त्यानंतर ओझोन नावाचा वायू त्यात सोडतात. तो जंतू मारतो आणि औषधे, साबण, रंग यांचे जे अंश वाळूला दाद देत नाहीत ते तोडतो. मग खास तयार केलेल्या कोळशाचे थर येतात. ते तुटलेले अंश, वास आणि रंग शोषून घेतात. पुढे पोकळ दोऱ्यांसारखे पडदे असतात. त्यांची भोके इतकी बारीक की रोगजंतूही पलीकडे जाऊ शकत नाहीत. सगळ्यात शेवटी क्लोरीन.

यात माझ्या ध्यानात एक गोष्ट आली ती अशी. कोणत्याही एका चाळणीवर ते भरवसा ठेवत नाहीत. एकीतून निसटले तर दुसरीने धरावे, दुसरीतून निसटले तर तिसरीने, अशी ती रचना आहे. लग्नघरात तांदूळ एकीने निवडले तरी वैरण्याआधी दुसरी पुन्हा नजर टाकते, तसेच हे.

एक गोष्ट मात्र या साऱ्यातून जात नाही, आणि ती म्हणजे मीठ. ते गाळून जात नाही की उकळून जात नाही, हे आपल्याला स्वयंपाकघरात ठाऊक आहेच. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरविले तर खारटपणा वाढत जाणार. म्हणून विंडहुकमध्ये हे पाणी धरणाच्या पाण्यात मिसळून मगच शहराला देतात. साधारणपणे ते चौथा हिस्सा असते आणि फार झाले तर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. दुष्काळात धरणे खाली गेली की हाच हिस्सा शहराला तारून नेतो.

आणखी दोन पथ्ये ते पाळतात. पहिले असे की कारखान्यांचे सांडपाणी घरगुती सांडपाण्यात मिसळू देत नाहीत. त्याची वाट वेगळी आहे. हे वाचताना मला आपल्या गावाची आठवण झाली. आपल्या चादरी आणि टॉवेल जगभर जातात, पण सूत रंगविल्यावर उरणारे पाणी कोठे जाते? घरच्या मोरीचे पाणी शुद्ध करणे एक आणि रंगाच्या हौदाचे पाणी शुद्ध करणे निराळे. दोन्ही एका गटारात सोडली तर मोठा शास्त्रज्ञही हात टेकील. दुसरे पथ्य तपासणीचे. पाणी प्रत्येक टप्प्यावर तपासतात आणि काही कमी पडले तर ते शहराकडे न सोडता मागे फिरवितात. इतक्या वर्षांत या पाण्याने रोगाची साथ आल्याची नोंद नाही.

ही हकिगत मी घरी सांगितली तेव्हा माझ्या सासूबाई जपमाळ थांबवून म्हणाल्या, "अगं, तसल्या पाण्याने देवाला अंघोळ घालायची का?" मुलगी म्हणाली, "आजी, जगातले सगळे पाणी एकदा कोणीतरी वापरलेलेच आहे. ढगातले पाणीसुद्धा." सासूबाईंना ते काही पटले नाही. थोड्या वेळाने मात्र त्यांनी विचारले, "बरं, ते पाणी करणारा माणूस स्वतः ते पितो का?" मुलीच्या पुस्तकात नव्हता असा हा प्रश्न. मला विचाराल तर या विषयातला खरा प्रश्न हाच आहे. पुढे जी जी हकिगत वाचली ती मी याच प्रश्नाने तपासून पाहिली.

अमेरिकेत कॅन्सस प्रांतात शनूट नावाचे लहान गाव आहे. १९५२ पासून तिथे दुष्काळ पडला आणि १९५६ मध्ये त्यांची निओशो नदी आटली. दुसरा उपाय दिसेना, तेव्हा गावाचे सांडपाणी नेहमीसारखे शुद्ध करून नदीच्या पात्रात अडविले आणि तेच पुन्हा नळाला घेतले. ऑक्टोबर १९५६ ते मार्च १९५७ असे पाच महिने हे चालले. तेच पाणी आठ ते पंधरा वेळा फिरले असावे, असे पुढे तज्ज्ञांनी काढले. जंतूंच्या तपासणीत पाणी उतरले, पण रंग पिवळसर, पेल्यात फेस आणि चव वाईट. लोकांनी ते तोंडाला लावायचे टाळले आणि बाटलीतले पाणी विकत घेतले. ज्यांच्याजवळ पैसे होते त्यांनी घेतले, असेच म्हणावे लागेल. त्या काळी ते कोळशाचे थर नव्हते, पडदे नव्हते आणि तयारीला वेळही नव्हता. घसा कोरडा पडल्यावर विहीर खणायला घेतली की असे होते.

ऑस्ट्रेलियातल्या टूवुंबा शहराची गोष्ट वेगळी. तिथेही धरणे आटत चालली होती. सांडपाणी शुद्ध करून धरणात सोडावे काय, यावर २९ जुलै २००६ रोजी लोकांचे मत घेतले. शंभरातल्या ६२ जणांनी नको म्हटले. भीती होती, किळस होती, गावाचे नाव खराब होईल ही काळजीही होती. २०१० साली खालच्या वायव्हेनहो धरणातून पाणी डोंगर चढवून आणण्याची सोय करावी लागली. त्या लोकांना मी हसणार नाही. ज्याने त्याने आपल्या घशाखाली काय जाते ते विचारलेच पाहिजे. पण "नको" म्हटल्यावर पाणी कोठून आणायचे आणि त्याचा खर्च कोणी भरायचा, हा प्रश्न उरतोच.

टेक्सास प्रांतातल्या विचिटा फॉल्स या लाखभर वस्तीच्या शहराने हे निराळ्या रीतीने केले. तळी तळाला गेली तेव्हा त्यांनी सांडपाणी शुद्ध करून, आपल्या घरच्या आरओ यंत्रात असतात तसल्या पडद्यांतून दाबाने काढून, तळ्याच्या पाण्यात निम्मे-निम्मे मिसळले. सुरू करण्याआधी कित्येक आठवडे ते पाणी नळाला न सोडता नुसते तपासून पाहिले आणि काय करणार आहोत ते लोकांना उघड सांगितले. जुलै २०१४ ते जुलै २०१५ असे वर्षभर ते शहर त्या पाण्यावर निभावले. मे २०१५ मध्ये पाऊस झाला, तळी भरली आणि ती व्यवस्था थांबविली.

सासूबाईंच्या प्रश्नाचे सर्वांत सरळ उत्तर मला सिंगापूरच्या हकिगतीत सापडले. तिथे ९ ऑगस्ट २००२ रोजी राष्ट्रदिनाच्या सोहळ्यात असल्याच पाण्याच्या बाटल्या वाटल्या आणि पंतप्रधान गोह चोक टाँग यांनी हजारो लोकांसमवेत ते पाणी प्याले. पुढे लोकांना कारखाना आतून पाहता यावा अशीही सोय केली. तिथले बरेचसे पाणी कारखान्यांना जाते आणि थोडे पिण्याच्या पाण्याच्या तलावांत सोडतात. मी हे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग त्यांनी निदान लपवलं तरी नाही." त्या ते पाणी पितील असे मी म्हणत नाही. पण विश्वास कोठून सुरू होतो ते त्यांनी बरोबर ओळखले.

आता आपल्याकडची गोष्ट. एका उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पैसे देऊन टँकर आणविला. पाणी कोणत्या विहिरीचे म्हणून मी टँकरवाल्याला विचारले. तो म्हणाला, "घ्यायचं तर घ्या बाई, पुढची गल्ली वाट बघतेय." ते पाणी आम्ही सर्वांनी भरले. उकळून, गाळून घेतले तरी चार दिवसांनी घरातल्या धाकट्याला जुलाब सुरू झाले आणि सलाईन लावावे लागले. पाण्यानेच झाले असे छातीठोक सांगता येत नाही, कारण ते पाणी कोणी तपासलेलेच नव्हते. माझे म्हणणे एवढेच की सात चाळण्यांतून काढून पदोपदी तपासलेल्या पाण्याला आपण शी म्हणतो, आणि कोठले ते न कळणाऱ्या पाण्यासाठी घागरी घेऊन रांगेत भांडतो. किळस कशाची करायची ते आपण एकदा बसून ठरविले पाहिजे.

उद्याच सोलापूरच्या नळाला सांडपाणी शुद्ध करून सोडा, असे मी मुळीच म्हणत नाही. त्याआधी पुष्कळ पायऱ्या आहेत. गळकी नळवाहिनी दुरुस्त करणे ही पहिली. शुद्ध केलेले सांडपाणी कारखान्यांना, बागांना, बांधकामांना देऊन तेवढे पिण्याचे पाणी वाचविणे ही दुसरी. नागपूरला असे पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला देतात. आपल्याच राज्यातले उदाहरण आहे, तेव्हा हे परदेशी खूळ म्हणून सोडून देता येणार नाही. रंगाचे पाणी घरच्या पाण्यापासून वेगळे ठेवणे ही तिसरी. आणि पुण्याकडचे पाणी शुद्ध होऊनच नदीत आले पाहिजे, हे मागणे तर आपल्या हक्काचे आहे. एवढे सगळे करूनही कधी पिण्याच्या पाण्याची वेळ आलीच, तर ती घाईने शनूटसारखी येऊ नये. आधी तयारी व्हावी, आपल्याला खरे सांगावे आणि मगच पाणी यावे.

तसे झाले तर आपण बायकांनी एक अट मात्र घालावी. ते पाणी सगळ्या शहराला सारखे द्यावे. झोपडपट्टीला ते पाणी आणि बंगल्यांना धरणाचे, असे होता कामा नये. ज्या साहेबांनी कागदावर सही करायची त्यांच्या घरच्या नळालाही तेच यावे. सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मग कोणाला विचारावे लागणार नाही.

आज या वर्धापनदिनी मी मंडळापुढे दोन लहान सूचना ठेवते. आपल्या वॉर्डातल्या नळाच्या पाण्याची तपासणी केव्हा झाली आणि तीत काय निघाले, तो कागद दर महिन्याला मराठीत, आपल्याला वाचता येईल अशा अक्षरांत, वॉर्ड कचेरीबाहेर लावावा, असे पत्र मंडळाने महापालिकेला द्यावे. टँकरवर पाण्याचे ठिकाण आणि तपासणीची तारीख लिहिण्याची सक्ती व्हावी, हेही त्याच पत्रात घालावे. दुसरी सूचना अशी की येत्या हिवाळ्याच्या सहलीला आपण देवदर्शनाबरोबर आपले जलशुद्धीकरण केंद्र आणि मैलापाणी केंद्रही परवानगी काढून पाहून यावे. आपण रोज पितो ते कसे होते आणि आपण रोज टाकतो ते कोठे जाते, दोन्ही डोळ्यांनी पाहावे. आमच्या सासूबाईंनी गुडघे दुखत असूनही मला आताच सांगून ठेवले आहे की त्यांचे नाव यादीत घालावे.

माझे बोलणे कोणाला कमीअधिक वाटले असेल तर मागाहून मला जरूर विचारा. मला येत असेल ते सांगेन, नसेल तर मुलीला विचारून सांगेन.